गाडीत ऐकल्याशिवाय मत नाही

पम्या, तुझी सीडी आली.

सेल्वमच्या भावाने चेन्नईहून कुरिअरने पाठवली. शुक्रवारी ती ईलिंगला सेल्वमच्या घरी पोचली आणि त्या गुणी माणसाने पाकीट न फोडता आधी तुझ्या सुनीताला फोन लावला. सुनीताने मला इकडे साउथहॅम्प्टनला लावला. "ताई, ते सगळे विचारतायत, रविवारी नेहमीसारखं आपल्याकडेच बसायचं का. मी काय सांगू त्यांना?" तुझे दिवस नुकतेच झाले होते. हॅरोच्या तुझ्या घरात अजून परक्या लोकांनी आणलेले डबे परत करायचे पडले होते. मी म्हटलं, "या म्हणावं. नाही बोलावलंस तर तो वरून शिव्या घालेल." फोन ठेवला, आणि मग ओट्याशी उभी राहून मी इतकी रडले की पातेल्यातलं दूध उतू जाऊन थंडसुद्धा झालं.

किती वाट बघितलीस रे तू या सीडीची. आधी पिक्चर रखडला, मग निर्माता बदलला, मग तुझा म्हातारा रुसून बसला, मग कुणीतरी जाऊन त्याची समजूत काढली. दर वेळी तू मला फोन करायचास, घरातल्या कुणाचं लग्न अडलंय असा आवाज करून. आणि अखेर आली कधी, तर तू गेल्यावर. वेळ पाळणं तुझ्या म्हाताऱ्याला कधी जमलंच नाही.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तूही कधी घेतलं नाहीस, तू 'मास्टर' म्हणायचास. मी 'तुझा म्हातारा' म्हणायचे आणि तू चिडायचास. मद्रासच्या पिक्चरांना शेकड्यांनी चाली दिलेला तो बुवा, आता सत्तरीकडे झुकलेला, आणि त्याच्यापायी हॅरोच्या काउन्सिलमध्ये ट्रॅफिक सिग्नलचं काम करणारा एक मराठी इंजिनिअर येडा झालेला. आपल्या घरात कुणाला तमिळचं अक्षर येत नाही, आजोबांपासून सगळे नाट्यगीतवाले, आणि हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं हे मला मात्र नेमकं ठाऊक होतं.

बाबांची बँकेतून कोइमतूरला बदली झाली तेव्हा मी नववीत होते. शाळा बदलून मॅट्रिकचं वाटोळं नको म्हणून मला पुण्याला मावशीकडे ठेवलं, आणि तू, आई, बाबा गेलात. तीन वर्षं. मे महिन्याच्या सुट्टीत मी आले तर माझा भाऊ कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी तमिळमध्ये हुज्जत घालत होता. चहावाल्याच्या फळीवर एक रेडिओ होता, तो सकाळपासून कोकलायचा. तुझा म्हातारा तेव्हा तरणाबांड होता आणि त्याची पहिलीवहिली गाणी लागत होती. तू मला त्या फळीसमोर उभं केलंस आणि म्हणालास, "ताई, गाणारीचं ऐकू नकोस. तिच्या मागे काय चाललंय ते ऐक." मला मागे काहीच ऐकू येईना. मला एवढंच दिसत होतं की आई तुला लाडाने 'कण्णा' म्हणायला लागलीये आणि मला त्याचा अर्थ विचारावा लागतोय.

तुमच्या तिघांकडे ती वर्षं होती, माझ्याकडे नव्हती. पुढे आयुष्यभर तू मला ती ऐकवत राहिलास, कॅसेटवर, मग सीडीवर, आणि मी आयुष्यभर म्हणत राहिले की ह्यात काय आहे एवढं.

आपल्या त्या भांडणाची घडी कशी छान बसली होती. नवीन सीडी आली की हॅरोला तुझ्या पुढच्या खोलीत भक्तमंडळी जमणार. सेल्वम, त्याचे ईलिंगचे दोस्त, ओव्हरटाइम टाकून येणारे एकदोन डॉक्टर, इंटरनेटच्या फोरमवर भेटलेले कुणी कुणी. आणि तुझे नियम. पहिलं ऐकणं गप्प बसून. दुसरं जेवताना. तिसरं गाडीत, एकट्याने. आणि गाडीत ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. फोरमवरही नाही, बायकोपाशीही नाही.

मी विचारलं होतं, "गाडीतच का बाबा?" तर तू मास्तरासारखा सांगायला बसलास. पहिल्या खेपेला माणूस आपल्याला जे हवं असतं तेच शोधत असतो, म्हणून ते ऐकणं खोटं. जेवताना घास हातात थांबला तर त्या जागी काहीतरी आहे समजायचं. आणि गाडीत हात अडकलेले, डोळे रस्त्यावर, तोंड कसं झालंय ते बघायला शेजारी कुणी नाही. "तिथे माणूस खरं ऐकतो, ताई." ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं, असं कुणीसं विचारलं, तर तू गंभीरपणे निकाल दिलास की मेट्रोपॉलिटन लाइन चालेल, पण सीट खिडकीची पाहिजे. लोकांनी ते मानलंसुद्धा! शिकलेसवरलेले लोक, खिडकीची सीट नाही मिळाली म्हणून ट्रेन सोडायचे.

मी भक्तांपैकी नव्हते, पण सीडीची एक कॉपी मला बक्षीस मिळायचीच. दवाखाना आटोपून घरी जाताना मी ती गाडीत लावायचे आणि घरी पोचल्यावर तुला फोन करून यथेच्छ नावं ठेवायचे. दुसरं गाणं उचललेलं आहे. तिसऱ्यात तो बाप्या नाकात गातो. ते व्हायोलिनवाले एवढे कशाला, लग्नाच्या पंगतीसारखे. तू सगळं ऐकून घ्यायचास. मग एक मोठा श्वास ऐकू यायचा आणि तू म्हणायचास, "ताई, एक मिनिट."

तुझं ते एक मिनिट जेवण गार होईपर्यंत चालायचं. ह्यांना माहीत होतं, ते मला न विचारता वाढून घ्यायचे.

सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलं होतं, पण तुझं तमिळ दहा वर्षांच्या पोराचं होतं हे विसरू नकोस. चहा आण, चेंडू दे, माझी पाळी, ह्यापुढे काही नाही. गाणी तुला पाठ, अर्थाचा पत्ता नाही. सेल्वमच्या बहिणीच्या रिसेप्शनला तू माइक हातात घेतलास तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. म्हाताऱ्याचं जुनं, ठेक्याचं गाणं, पाय थिरकावेत असं. तू रंगून गात होतास आणि तमिळ मंडळी हळूहळू एकमेकांकडे बघायला लागली. नवऱ्यामुलाच्या आजीने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, वा, काय गातोय माझा भाऊ! खाली उतरलास तेव्हा सेल्वमने तुझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सार, हे गाणं एक गाडीवान म्हणतो, त्याचा बैल मेल्यावर.

सगळा हॉल हसला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. तू मात्र जिलबीचं ताट हातात घेऊन सांगत सुटलास, "चाल लग्नाचीच आहे. ज्याने शब्द लिहिले त्याचं चुकलं. मास्टर काय करतील?"

क्रेमॅटोरियममध्ये सुनीताने तेच लावायला सांगितलं. मला आधी विचारलं होतं, मी म्हटलं लाव. तिथे सगळं घड्याळावर. पुढची मंडळी बाहेर काळे कोट घालून थांबलेली. पडदा सरकायला लागला आणि बैलाचं गाणं सुरू झालं, तो ठेका, ती बासरी. आपल्याकडची मंडळी बावरली, हे काय भलतंच लावलंय म्हणून. आणि मागच्या रांगांतले तमिळ लोक रडता रडता हसायला लागले. सेल्वम तर पुढच्या खुर्चीला धरून हसत होता आणि त्याचा चेहरा पार भिजला होता. मीसुद्धा हसले, पम्या. तुझ्या शवपेटीकडे बघत हसले. तुला तिथे असायला हवं होतं असं मनात आलं, आणि मग तू तिथेच आहेस हे लक्षात आलं.

एक गोष्ट त्यातल्या कुणाला माहीत नाही. गेल्या हिवाळ्यात तुझ्या केमोच्या दिवशी मी सोबत आले होते. हाताला नळी लावलेली, मांडीवर तुझा तो भोकं पडलेला स्वेटर. मी वेळ जावा म्हणून म्हाताऱ्याच्या मागच्या सीडीला नावं ठेवायला सुरुवात केली. एक मिनिट येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. तू नर्स लांब गेल्याची खात्री केलीस आणि हळूच म्हणालास, "म्हातारा थकलाय, ताई."

तू त्याला पहिल्यांदा म्हातारा म्हणालास.

"मागच्या तीन-चार सीडीज मी गाडीत ऐकल्या आणि गप्प राहिलो," तू म्हणालास. "फोरमवर मोठमोठं लिहिलं, पण मला माहीत होतं."

"मग एवढा भांडत का होतास माझ्याशी?"

"तू नावं ठेवायचीस म्हणून. तू ठेवलीस की मला त्याची बाजू घेता येते. बाजू घ्यायला लागलं की काहीतरी चांगलं सापडतंच गं. तू नसतीस तर मी कधीच सोडलं असतं त्याला." मग थोडा वेळ डोळे मिटून पडलास. "नवीन येईल तेव्हाही ठेव हं. चांगली सणसणीत ठेव. मी बघतो."

मी डॉक्टर आहे. तुझे स्कॅन मी बघितले होते. नवीन येईल तेव्हा तू असशील की नाही हे त्या खोलीत मला तुझ्याआधी कळलेलं होतं, आणि मी म्हटलं, "ठेवीन की. फुकटचं काम आहे."

शेवटच्या आठवड्यात नव्या सीडीतली दोन गाणी इंटरनेटवर फुटली. कुणीतरी चोरून टाकली म्हणे. ईशाला ती सापडली. तुझी लेक बिचारी, तिने ती आपल्या आयपॉडवर घेतली, तुझ्या पलंगाशी बसली आणि तुझ्या कानात इअरफोन घातले. मी दारात होते. तू इतका अशक्त झाला होतास की पाण्याचा पेलासुद्धा आम्ही धरत होतो. पण हात उचललास आणि इअरफोन काढून टाकलेस.

"अर्धवट नको," म्हणालास. "सीडी येऊ दे. पहिल्यापासून ऐकू."

ईशा स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. "आत्या, ही वॉज सपोज्ड टु बी हॅपी. मी एवढा मेहनत केली. बाबा ऐकला पण नाही."

मी तिला जवळ घेतलं. माझा मात्र जीव जळत होता. तुझ्या खोलीत येऊन मी तुला झापलंसुद्धा, आठवतं? "नियम कसले पाळतोस मेल्या, ऐकून घे ना दोन गाणी!" तू हसलास. जन्मभर मी तुला 'मेल्या' म्हणत आले, राखी बांधतानासुद्धा. तो शब्द आता माझ्या तोंडातून निघत नाही.

त्यामुळे सीडी आली तेव्हा माझं ठरलं. ती तुझ्या नियमाने ऐकायची. पहिल्यापासून, गप्प बसून, जेवताना आणि मग गाडीत. आणि त्याशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, ते मला पुरं करायचं होतं.

रविवारी सगळे आले. दारात बुटांचा ढीग झाला. तुझी खुर्ची कुणी घेईना, शेवटी मीच जाऊन बसले, नाहीतर ते मोकळ्या खुर्चीकडे बघत बसले असते. सेल्वमने पाकीट तुझ्या फोटोपुढे ठेवलं, हात जोडले आणि मग ईशाकडून ते फोडून घेतलं. ती म्हणाली, "ही सीडी बाबाचा आहे, सो मी प्ले करणार." कुणी तिला सुधारलं नाही.

पहिलं ऐकणं. तुला माहीत आहे तशी ती खोली. गालिच्यावर माणसं, भिंतीला टेकलेली माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, आणि शब्द नाही. मी गाण्यांपेक्षा चेहरे जास्त बघितले. दुसरं गाणं लागल्यावर सेल्वमची मान हलायची थांबली. चौथ्याला कुणीतरी खिडकीबाहेर बघायला लागलं. सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे चेहरा सरळ ठेवून बसले होते, वाढलेलं आवडलं नाही तरी पाहुणा जसा बसतो तसे.

दुसरं जेवताना. सेल्वमच्या बायकोने लेमन राइस आणला होता, सुनीताने मसालेभात केला होता. तुझा आवडता म्हणून केला आणि केल्यावर तिला तो खाववेना. घास कुणाचाच कुठे थांबला नाही. माझा एकदा थांबला, सहाव्या गाण्याशी, पण मला वाटलं लवंग दाताखाली आली असेल.

आणि मग निखिल बोलला. तुझा तो पुण्याचा निखिल, वर्क व्हिसावर आलेला, फोरमवर रात्रंदिवस तुझ्याशी वाद घालणारा. सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तोही म्हणतो.

"अक्का, सॉरी हं, पण कुणीतरी बोलायला पाहिजे. ही इज फिनिश्ड. ते सिंथ ऐकलंत? नाइन्टीजमधला आवाज आहे. फोरमवर लोक 'क्लासिक' म्हणून पोस्ट टाकतायत, इट्स एम्बॅरसिंग. ह्याला आता रिटायर करा."

सेल्वमचे कान लाल झाले. तो रागावला की इंग्लिश बोलतो. "प्रमोदसार वुड हॅव लव्ह्ड इट," तो म्हणाला. "एव्हरी नोट."

"सर असते तर त्यांनी—"

"यू डोन्ट टेल मी व्हॉट सार वुड से!"

आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. सगळी खोलीच बघायला लागली. अक्का, तुम्ही सांगा. सारांना आवडलं असतं की नाही?

मला दोघांचाही राग आला, पम्या. एक म्हाताऱ्याला मोडीत काढत होता आणि दुसरा तुला फोटोत बसवत होता. प्रत्येक सूर आवडणारा बावळट नव्हतास तू. त्या खोलीत म्हाताऱ्याचं चुकलेलं सगळ्यात जास्त जर कुणाला कळत होतं तर ते तुला. केमोच्या खुर्चीत तू जे बोललास ते माझ्या अगदी ओठावर आलं. बोलले असते तर निखिल जिंकला असता आणि सेल्वमचं तोंड पडलं असतं. पण ते तू फक्त माझ्याजवळ ठेवलं होतंस. माझ्याजवळच राहील.

मी निखिलला विचारलं, "गाडीत ऐकलंस का?"

तो गोंधळला. "अं? मला गाडी नाहीये. मेट्रोपॉलिटन लाइनवर ऐकलंय."

"सीडी शुक्रवारी आली. पाकीट आत्ता फुटलं. तू कधी ऐकलंस?"

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "डाउनलोड केलं होतं," तो म्हणाला.

"आणि सीट खिडकीची होती का?"

आधी जिन्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग खोलीभर हसू पसरलं आणि सेल्वमसुद्धा हसला. हे तुझे शब्द होते, तुझाच तिरका सूर होता, आणि ते माझ्या तोंडून आले होते, जिने तुझ्या म्हाताऱ्याला कधी चांगलं म्हटलं नाही. निखिल हसता हसता थांबला आणि चष्मा पुसायला लागला. "सरांनी आज मला फोनवर झापलं असतं, अक्का," तो म्हणाला. "मी... म्हणजे, मला वाटलं मी असं बोललो तर कुणीतरी झापेल."

तोही माझ्यासारखंच करत होता. मी त्याच्या ताटात आणखी मसालेभात वाढला.

निघताना सेल्वमने बाजूला घेऊन सांगितलं की फोरमवर प्रत्येक सीडीचं पहिलं परीक्षण प्रमोदसारांचं असायचं, लोक थांबलेत, या खेपेला तुम्ही लिहाल का. मी म्हटलं, अजून माझं तिसरं ऐकणं झालेलं नाही. त्याने मान डोलावली, हे त्याला एकदम पटलं. सुनीताने खरी सीडी माझ्या पर्समध्ये टाकली. "ताई, तुम्हीच घेऊन जा. कॉपी नको. आणि पोचलात की फोन करा." तिच्यापाशी तू म्हाताऱ्याबद्दल कधी भांडला नाहीस. तिला त्याचं वाईट वाटत असेल का, असं माझ्या मनात आलं. तसं असलं तर मी तिला एकदा नीट सांगीन की तिच्यापाशी तू शांत असायचास, ते किती मोठं होतं.

संध्याकाळ होती, पण उन्हाळ्यातली, चांगलं ऊन होतं. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तो सिग्नल आहे, तू दुरुस्त करून घेतलेला, म्हातारी माणसं रस्ता ओलांडेपर्यंत लाल राहणारा. मी त्याच्यापाशी थांबले. रस्ता ओलांडायला कुणी नव्हतं. मागच्याने हॉर्न दिला तरी मी हिरवा होईपर्यंत आरामात बसले आणि मगच सीडी सुरू केली.

पहिलं बरं होतं. दुसरं त्याने स्वतःचंच जुनं काढून रंग मारलाय. तिसऱ्यात कोरस आहे, कशाला आहे माहीत नाही. चौथं गाणारी पोरगी वरच्या सुराला पोचत नाही आणि त्याने ते तसंच जाऊ दिलंय. पूर्वी जाऊ दिलं नसतं. हे मला कळलं आणि वाईट वाटलं, म्हाताऱ्यासाठी वाईट वाटलं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मोटरवेवर गर्दी होती. मधे आपण थांबायचो ते चहाचं ठिकाण आलं, तिथल्या चहाला तू 'गरम चूक' म्हणायचास. मी थांबले नाही. पाचवं गाणं वाजत होतं आणि ते अगदीच टाकाऊ होतं.

विंचेस्टरच्या अलीकडे सहावं लागलं. साधंच आहे, एक बाई हळू आवाजात गाते. घास थांबला होता तिथे मी आवाज वाढवला. आणि मला ऐकू आलं, पम्या. तिच्या मागे, खाली, बेस गिटार वाजत होतं आणि ते तिच्याबरोबर चाललेलंच नव्हतं. ती एकीकडे निघाली होती आणि ते आपलं आपण दुसऱ्याच रस्त्याने, मजेत, वळणं घेत, आणि ओळ संपायच्या वेळी दोघं नेमकी एका जागी येऊन उभी. मग पुन्हा वेगळी. म्हातारा इथे थकलेला नव्हता. चहावाल्याच्या फळीसमोर तू मला जे ऐकवायला धडपडत होतास ते हेच ना रे? सगळी वर्षं ते तिथेच वाजत होतं, आणि मला ऐकू आलं ते आत्ता, मोटरवेवर, शेजारची सीट रिकामी असताना. मी ते परत लावलं. पुन्हा परत लावलं. तुझ्या नियमात बसत नाही, माहीत आहे.

घरासमोर गाडी लावली तेव्हा सीडी संपत आली होती. शेवटचं ऐकून घेतलं, इंजिन बंद केलं. ह्यांनी आतून दार उघडलं, मला बघितलं आणि काय समजायचं ते समजून परत लोटून घेतलं.

मग मी मोठ्याने सुरुवात केली. म्हटलं, पम्या, म्हातारा थकलाय तुझा. दुसरं गाणं जुनंच आहे, नवीन कपडे घालून आणलंय. कोरस कशाला? चौथ्यातली पोरगी बेसूर आहे आणि त्याला ते ऐकू येत नसेल तर त्याने कानाच्या डॉक्टरकडे जावं. पाचवं तर फेकून द्यायच्या लायकीचं. व्हायोलिनवाले नेहमीसारखे पंगतीला बसलेत. एवढ्यासाठी ताटकळलास तू? एवढ्यासाठी ईशाचे इअरफोन काढलेस? सणसणीत ठेवली नावं, तू सांगितलं होतंस तशी. आवाज फाटत होता, तरी ठेवली.

सहाव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते तू काढायचं होतंस.

सगळं बोलून झालं. आणि मग मी स्टिअरिंगवर हात ठेवून तो मोठा श्वास ऐकू यायची, 'ताई, एक मिनिट'ची वाट बघत बसले.